न खाकरणारा भासरा

समुद्रपूरच्या शेतकी सोसायटीच्या गोदामात कुणी येऊन "कपाशीची दवाई द्या" म्हणालं, की मनकर्णाबाईच्या हातातला खराटा थांबायचा. डबा द्यायचा हक्क बापूजींचा, म्हणजे गोदामबाबूंचा. पण बोलायची ती झाडणारी बाई.

"दवाई पाह्यजे असंन तं तिकडं दवाखाना हाये. अठी इख भेटते. इख पाह्यजे का?"

माणूस वरमायचा आणि बापूजींकडे बघायचा. बापूजी उगाच चष्मा पुसत बसायचे. सोसायटीचा माल खपायचा सोडून ही बाई दारातच गिऱ्हाइकाला भिववते, असं त्यांना पहिली दोन-तीन वर्षं वाटत राहिलं. पुढे ते स्वतःच विषाला "इख" म्हणायला लागले. सहीशिक्क्याच्या माणसाला झाडणाऱ्या बाईनं भाषा शिकवली, ही गोष्ट काही लहान नाही.

मनकर्णाबाई बोरडोहची, समुद्रपूरपासून दीड कोसावरची. नवरा रूपराव हिवतापानं गेला तेव्हा ती पस्तिशीत होती. एकुलती मुलगी सेलूकडे दिलेली. घरात उरली ती, थोरली जाऊ कौशल्याबाई आणि कौशल्याबाईंचे यजमान नत्थूजी. नत्थूजी म्हणजे मनकर्णाबाईचे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि त्या नात्यात माया असली तरी मधे भिंत असते. भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याची सावली अंगावर पडू देत नाही. तो ज्या खाटेवर बसून उठला तिच्यावर ती बसत नाही, तो ज्या दमणीत, म्हणजे छोट्या बैलगाडीत, आहे त्या दमणीत ती चढत नाही. चुकून धक्का लागलाच तर दोघांनीही अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ करायची. भासऱ्याकडूनही एक रीत असते. घरात पाऊल टाकण्याआधी त्यानं दारात खाकरायचं, म्हणजे आतली बाई पदर सावरून आडोशाला होते. नत्थूजी तर असे खाकरायचे की शेजारच्या गोठ्यातले बैल उठून उभे राहायचे.

त्र्याहत्तर साली मनकर्णाबाईनं गोदाम झाडायचं काम धरलं, ते नत्थूजींना अजिबात पटलं नाही. पण सांगणार कसं? ओसरीवर बसून ते बायकोला म्हणायचे, "त्याइले सांग, घरच्या बाईनं लोकायचं गोदाम झाडू नये." कौशल्याबाई भाकर थापता थापता मान वळवायच्या, "ऐकलं काय वो?" आणि दोन हातांवर बसलेली मनकर्णाबाई कौशल्याबाईंना सांगायची, "त्याइले सांगा, रिकामं बसून खाल्लेलं अन्न आंगी लागत नाई." तीन माणसांच्या घरात दोघांचं भांडण असं तिसरीच्या मार्फत चालायचं. कौशल्याबाई बिचाऱ्या दोन्हीकडचं ऐकून कंटाळायच्या, पण निरोप कधी बदलून सांगितला नाही.

तेव्हा संकरित कपाशी नवी नवी आली होती. कपाशीमागे अळी आली आणि अळीमागे फवारा. गोदामात वेगवेगळ्या रंगांचे डबे येऊन पडायला लागले. प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन, आणि त्याचा खालचा अर्धा भाग कुठे लाल, कुठे पिवळा, कुठे निळा, कुठे हिरवा. मनकर्णाबाईला अक्षर येत नव्हतं, पण रंग येत होते. लाल डबा फुटला की त्या दिवशी झाडताना डोळे चुरचुरतात आणि जीव मळमळतो, हे तिला कुणी न सांगता कळलं होतं. हिरव्याचं तसं नव्हतं.

पण गावाचा जीव त्या लाल डब्यावरच. घट्ट झाकण, वर धरायला कडी, पत्रा असा की गंज चढत नाही. फवारा संपला की रिकाम्या डब्यासाठी घराघरांत ओढाताण व्हायची. कुणी त्यात तेल ठेवायचं, कुणी डाळ. चौऱ्याहत्तर साली नत्थूजींनी एक डबा आणला, राखेनं तीनदा घासला आणि त्यात म्हशीसाठी ढेप, म्हणजे सरकीची पेंड, भिजवली. म्हैस काही साधीसुधी नव्हती. नत्थूजी तिच्याशी बायकोपेक्षा जास्त बोलायचे, असं कौशल्याबाईच म्हणायच्या. दुपारी तिनं ढेप खाल्ली, आणि दिवस कलायच्या आत तोंडाला फेस येऊन, पाय झाडून म्हैस गेली.

गाव जमलं. आदल्याच दिवशी कुणीतरी तिच्या दुधाची तारीफ केली होती, तेव्हा नजर लागली हे ठरलं. मनकर्णाबाई एकटीच गव्हाणीतल्या डब्याकडे बघत होती. तिनं जावेला सांगितलं, जावेनं नवऱ्याला सांगितलं. नत्थूजींचं उत्तर आलं, "त्याइले सांग, तीनदा राखेनं घासला होता. राखेपुढं इख राह्यते का? नजरेनं गेली माई म्हैस."

त्या दिवसापासून मनकर्णाबाईच्या मनात एकच भीती बसली. आज म्हैस गेली, उद्या माणूस जाईल, आणि ज्या घरात असा हट्ट आहे त्याच घरचा जाईल. ती डबे मागून घ्यायला लागली, मिळेल त्या डब्याला सब्बल, म्हणजे पहार, घालून भोक पाडायला लागली. लोक हसायचे. बापूजी सांगायचे, वरून आलेली पत्रकं वाचून दाखवायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

शहात्तर साली वर्ध्याहून एक साहेब आले. गोदामासमोरच्या लिंबाखाली सतरंज्या घातल्या, पुढे पुरुष बसले, मागे निंदणाऱ्या-वेचणाऱ्या बाया. साहेब माणूस चांगला होता, तळमळीनं सांगत होता. पण त्याच्या तोंडी शब्द असे की ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जावेत. विषाक्तता. अवशेष. संसर्ग. निर्मनुष्य कालावधी. रिक्त आधानांची विल्हेवाट. अर्ध्या तासात पुढच्या रांगेतले दोघे पेंगायला लागले. शेवटी साहेबांनी विचारलं, "सांगा बरं, अवशेष म्हणजे काय?" सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले.

दारात खराट्यावर रेलून उभी असलेली मनकर्णाबाई म्हणाली, "साहेब, एक सांगू का? लाल म्हंजे भासरा म्हना ना."

मागच्या बायांत खसखस पिकली. साहेबांना काही कळेना. पण बाई आता थांबणार नव्हती. ती साहेबांना सोडून बायांकडेच वळली.

"हासू नका वो. लाल म्हंजे भासरा, त्याले हात लावाचा नाई. पिवया म्हंजे सासरा, पदर घेऊन, अंतर ठेवून त्याचं काम करा लागते. निया म्हंजे ननंद, बोला, पन जपून. अन् हिरवा म्हंजे देवर. देवराशी थट्टा चालते, पन तिलेबी काई हद्द राह्यते का नाई?"

हसणं थांबलं. ती पुढे म्हणाली, "घरचा भासरा आत येतानी खाकरते. हा डब्यातला भासरा मुका हाये, तो खाकरत नाई. म्हनून सरकारनं त्याच्या आंगाले लाल रंग फासला. तो रंग म्हंजेच त्याचं खाकरनं. अन् रिकामा डबा म्हंजे त्याची खाट. भासरा उठून गेला म्हनून त्याच्या खाटीवर बसता का तुमी? मंग त्याच्या डब्यात तेल काऊन ठेवता?"

मागच्या रांगेतल्या एका बाईनं पटकन तोंडाला पदर लावला. तिच्या घरी तेल होतं.

अवशेष म्हणजे काय, ते त्या क्षणी तीस-चाळीस बायांना कळलं, आणि नुसतं डोक्याला नाही, अंगाला कळलं. भासऱ्याच्या खाटेला चुकून हात टेकला तर अंगावर येणारा शहारा त्यांना लहानपणापासून ओळखीचा होता. बापूजींनी साहेबांना सगळी रीत समजावून सांगितली. साहेब मोठ्यानं हसले, वहीत काहीतरी टिपून घेतलं, चहा प्याले आणि वर्ध्याला गेले. त्या टिपणाचं पुढे काय झालं देव जाणे. पण दुसऱ्या दिवशी बापूजींनी स्वतः शिडी लावून गोदामाच्या भिंतीवर चुन्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: लाल म्हणजे भासरा.

मग बाईचा शब्दकोश वाढतच गेला. फवारा मारलेल्या वावराला तिनं दहा दिवसांचं सुतक लावलं. सुतक फिटेपर्यंत त्या वावरात कुणी भाजी खुडायची नाही की निंदायला उतरायचं नाही. खरं तर कुठल्या डब्याला चार दिवस पुरे होते तर कुठल्याला पंधरा लागायचे, हे बापूजी वाचून सांगायचे. बाई म्हणायची, सुतक कधी चार दिवसाचं ऐकलं का तुमी? फुटक्या आणि भोक पाडलेल्या डब्यांसाठी गोदामामागे, विहिरीपासून लांब, खोल खड्डा खणवून घेतला आणि त्याचं नाव मसनवटी ठेवलं. त्या नावामुळे तिकडे कुणी डबा उकरायला गेलं नाही. कुंपण घालून जे झालं नसतं ते एका नावानं झालं.

माल नेणाऱ्या बैलगाड्यांचंही तिनं बघितलं. एकाच गाडीत पिठाचं पोतं आणि लाल डबा दिसला की ती बैलांपुढे उभी राहायची. "भासऱ्याच्या गाडीत भावसून बसत नाई. पीठ उतरवा, नाई तं डबा उतरवा." गोदामाचा हमाल आणि गाडीवान जंगलू गोंड घरचा, त्याच्या घरी भाषा वेगळी, पण भासऱ्याची रीत हीच. त्याला एकदा सांगितलं ते पुरलं. सुटीच्या दिवशी तो आपली गाडी जुंपायचा आणि दोघं गावोगाव फिरून रिकामे डबे गोळा करायचे. त्याचे तिला कुणी पैसे देत नव्हतं. तिनं मागितलेही नाहीत.

बायांनी तिचं ऐकलं. घोडं अडलं ते पुरुषांपाशी. भासऱ्याचं भय असतं भावसुनेला. पुरुषांना कुठला आला भासरा? आणि ह्या अडणाऱ्यांत पहिला नंबर घरच्याच माणसाचा. नत्थूजी पारावर बसून सांगायचे, "मीच तं भासरा हावो! मी कोनाले भिऊ?" लोक खो खो हसायचे, आणि नत्थूजी लाल डब्यातलं औषध बादलीत ओतून कोपरापर्यंत हात घालून ढवळायचे. म्हशीच्या ढेपेचा तो डबाही त्यांनी टाकला नव्हता. गोठ्याच्या वळचणीला टांगून ठेवला होता, जणू हट्टाचीच निशाणी. मनकर्णाबाई येता-जाता तो बघायची. एकदा तिनं जावेला म्हटलं, "बाई, त्याइले सांगा, मुक्या भासऱ्यापुढं घरचा भासराबी भावसूनच हाये." कौशल्याबाईंनी निरोप दिला. नत्थूजींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा हातानंच ढवळलं.

एकोणऐंशी सालच्या आश्विनात अळीनं कहर केला. सोसायटीला सुटी होती. जंगलूची गाडी बोरडोहच्या वावरांतून डबे गोळा करत चालली होती, आणि मनकर्णाबाई दोन वावरं पुढे एकटी चालत होती. आपल्याच घरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तिला कौशल्याबाईंचं रडणं ऐकू आलं.

नत्थूजी धुऱ्याशी पडले होते. पाठीवरचा पंप गळत होता, बंडी आणि धोतर औषधानं चिंब. वारा उलटा असताना सकाळपासून मारत होते, मधे त्याच हातानं तंबाखू मळली होती. तोंडातून लाळ, अंगाला झटके, डोळे कुठेतरी भलतीकडेच. म्हैस गेली तेव्हा अशीच दिसत होती. कौशल्याबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन आपल्या पदरानं त्याचं तोंड पुसत होत्या, आणि त्या ओल्या बंडीचं विष आता त्यांच्याही अंगाला लागत होतं.

"बाई, सोडा त्याइले! आधी कपडे काढा लागते!"

कौशल्याबाईंना काही सुचत नव्हतं. त्यांच्या हातात बंडीची गाठ सुटत नव्हती. मनकर्णाबाई पुढे झाली, तशा त्या तसल्या वेळीही ओरडल्या, "तू हात नको लावू! तुये भासरे हायेत!"

मनकर्णाबाई थांबली. वीस वर्षांहून जास्त काळ तिनं ह्या माणसाची सावली अंगावर पडू दिली नव्हती. त्याचं तोंड धड पाहिलं नव्हतं. आत्ता पाहिलं, तर मिशा पिकलेल्या दिसल्या. आणि गेली तीन वर्षं पंचक्रोशीतल्या बायांना ती एकच गोष्ट शिकवत आली होती: भासऱ्याला हात लावायचा नाही. आता तिच्यापुढे दोन भासरे एकदम पडले होते, घरचा आणि डब्यातला, एक दुसऱ्याच्या अंगावर.

तिनं पदर कमरेला खोचला. बंडी टरकन फाडली, धोतर सोडून लांब फेकलं, आणि काखेत हात घालून नत्थूजींना धुऱ्यावरच्या विहिरीशी ओढत नेलं. कौशल्याबाईंना बादल्या ओढायला लावलं. पिशवीत साबणाची वडी असायचीच, डबे हाताळल्यावर हात धुवायला. त्या वडीनं तिनं भासऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत घासला, पाणी ओतलं, पुन्हा घासला. लाज, पदर, रीत, सगळं त्या पाण्याबरोबर वाहून जात होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. एकच बडबड चालू होती, "जाऊ नका. एवढा हट्ट केला, आता जगन्याचाबी करा."

बोंबा मारल्यावर जंगलू गाडी घेऊन धावत आला. गाडीत रिकामे डबे भरलेले.

"डबे उतरव."

"बाई, टाइम जाते!"

"उतरव म्हनते ना! त्याच्या खाटीवर याइले झोपवू का?"

डबे धुऱ्यावर उतरले. एकच डबा, ज्यातलं औषध नत्थूजींनी मारलं होतं तो, तिनं पोत्यात बांधून गाडीच्या मागे लोंबता लावला. मग अंगावरच्या लुगड्यासकट स्वतःवर चार बादल्या ओतल्या, साबण लावला, पुन्हा ओतल्या. कौशल्याबाईंनाही तसंच न्हाऊ घातलं. दोन्ही भासऱ्यांची आंघोळ एकदाच झाली. निथळत्या लुगड्यानं ती गाडीत चढली, भासरा असलेल्या गाडीत. समुद्रपूरला ट्रक मिळाला आणि ते हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांनी आधी डबा मागितला, त्यावरचं वाचलं आणि सुया सुरू केल्या. जरा उसंत मिळाली तेव्हा विचारलं, "याला धुतलं कुणी? नसतं धुतलं तर इथपर्यंत आला नसता." मनकर्णाबाई बाहेर भिंतीकडे तोंड करून, डोक्यावर पदर ओढून बसली होती. कौशल्याबाई म्हणाल्या, "माया जावेनं." एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

नत्थूजी वाचले. पण गोष्ट इथे संपली असती तर मनकर्णाबाईला बरं झालं असतं.

गावात कुजबुज सुरू झाली. भासऱ्याला हात लावला, उघडा केला, त्याच्याच गाडीत बसली. ही कुजबुज ती पचवू शकली असती. विधवेला लोकांच्या तोंडाची सवय असते. खरा घाव दुसरीकडूनच बसला. पुढच्या आठवड्यात वडनेरकडची एक ओळखीची बाई गोदामात आली आणि उघड उघड रिकामा लाल डबा मागायला लागली. मनकर्णाबाईनं "भासऱ्याची खाट" म्हटलं तर ती हसली. "राहू दे वो! तू खऱ्या भासऱ्याले हात लावला, काय झालं तुले? मंग डब्याले लावला तं आमाले काय होते?"

ही काही एकटी नव्हती. तीन वर्षं बायांच्या अंगात मुरवलेली भीती पंधरा दिवसांत सैल झाली. मसनवटीतून दोन डबे उकरून नेलेले सापडले. सुतकातल्या वावरात बाया उतरल्या. ज्या रीतीच्या जोरावर तिनं सगळं उभं केलं होतं ती तिनंच मोडली होती, आणि मोडली नसती तर एक माणूस गेला असता. बापूजींसमोर ती कधी रडली नव्हती, त्या दिवशी रडली. "बापूजी, एक जीव वाचवला, अन् आता माया हातानं किती मरतीन?" बापूजींनी भिंतीवरच्या अक्षरांना पुन्हा चुना लावून दिला. चुन्यानं काय होणार होतं?

दिवाळीनंतरचा बाजाराचा दिवस. गोदामासमोर चाळीस-पन्नास माणसं, बाया वेगळ्या, गाड्या वेगळ्या. मनकर्णाबाई आत पोती लावत होती. आणि बाहेर कुणीतरी खाकरलं.

आवाज पहिल्यासारखा दमदार नव्हता, पण ओळखीचा होता. तिनं सवयीनं पदर ओढला आणि दाराआड झाली. फटीतून बघितलं तर नत्थूजी दमणीतून उतरत होते. सुकून अर्धे झालेले, हातात काठी. दमणीत सात डबे होते, सातही लाल, सातही भोकं पाडलेले. एकेक उचलून त्यांनी भिंतीशी ओळीनं ठेवला. सातवा जुना, काळवंडलेला. गोठ्याच्या वळचणीचा.

मग ते गोदामाच्या भिंतीकडे वळले. भावसुनेशी बोलायचं नसतं, मधे कुणी तरी लागतं, आणि कौशल्याबाई बरोबर नव्हत्या. नत्थूजींनी भिंतीलाच मधे घेतलं. सगळा बाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाले:

"भिंती, आतल्या बाईले सांगजो. सात डबे आनले. मीच भोकं पाडले."

नत्थूजींना धाप लागली होती. ते काठीवर वाकले, पुन्हा सरळ झाले.

"अन् सांगजो, त्याइनं हात लावला म्हनून मी हावो. अन् हात लावून साबनानं आंगोय केली म्हनून त्या हायेत. मी सहा वर्सं हात घातला, आंगोय केली नाई, माये काय हाल झाले ते तं तुमी पाह्यलेच." त्यांनी आपला थरथरता हात वर करून बायांना, माणसांना दाखवला. महिना उलटून गेला तरी तो हात थांबत नव्हता. "मानूस पडला असंन तं हात लावजा. मंग आंगोय करजा. डबा पडला असंन तं त्याले हात लावू नका. तो काई मानूस नोहे."

मग त्यांनी काठीचं टोक त्या सातव्या डब्याला लावलं.

"अन् हेबी सांगजो भिंती. माई म्हैस नजरेनं नाई मेली. म्याच मारली."

मघाशी रिकामा डबा मागायला आलेली एक बाई हळूच मागच्या मागे सरकली. दाराआड मनकर्णाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. पाच वर्षं त्या एका वाक्याची वाट बघितली होती तिनं, आणि ते आलं तर तिला त्या म्हातारड्या हट्टी माणसाची मायाच वाटली.

तिनं घसा साफ केला. मग तीही भिंतीशीच बोलली.

"भिंती, त्याइले सांग, डबे भेटले. आता डब्यायले हात लावला हाये, तं तसंच घरी जाऊ नका. नयावर हात धुवून जाजा."

आणि दाराआडून तिचा हात बाहेर आला. त्या हातानं साबणाची वडी उंबऱ्यावर ठेवली आणि हात आत गेला. नत्थूजींनी हात पूर्ण आत जाईपर्यंत वाट पाहिली. मग वाकून वडी उचलली, नळावर गेले, आणि भर बाजारासमोर कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा.